डाव्या दंडावरची पट्टी

आप्पा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, पोटाकडं बघायचे. पहिल्यांदा भेटणारं माणूस यामुळं गडबडून जायचं. शर्टाचं बटण तुटलंय की काय, म्हणून हळूच खाली बघायचं. मीसुद्धा बघितलं होतं. नंतर कळलं की ही त्यांची तरुणपणची सवय. कॉलेजात असताना आप्पा बास्केटबॉल खेळायचे आणि समोरच्या खेळाडूला अडवायचं काम त्यांच्याकडं असायचं.

"बॉल फसवतो," ते आम्हा कॉलेजच्या संघातल्या मुलींना सांगायचे. "डोळे फसवत्यात, खांदे तर लईच फसवत्यात. पोट न्हाय फसवत. जिकडं पोट, तिकडं माणूस जाणार."

पुढं खेळ सुटला, पण सवय राहिली. कळंबच्या मार्केट यार्डात त्यांची धान्याची अडत होती. एखादा शेतकरी "भाव पाडून मागता, मी चाललो दुसऱ्या अडतीवर" म्हणत तणतणत उठायचा. आप्पा त्याच्या पोटाकडं बघायचे आणि मुलाला शांतपणे म्हणायचे, "संगमेश, च्या सांग. पाव्हणं कुठं जात न्हाईत." आणि पाव्हणे खरंच बसून राहायचे.

आप्पा आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. कुणा मोठ्या माणसाबद्दल काही लिहायचं म्हटलं की अजून वाटतं, आपण कोण लिहिणारे. शिवाय त्यांचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. लग्न, लेकरंबाळं, धंद्यातल्या खोटी, हे त्यांच्या घरच्यांनी सांगावं. मला माहीत आहेत ते आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवरचे आप्पा. तेवढेच सांगते.

मी ढोकीची. बाबा कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. कळंबच्या कॉलेजला मी रोज एसटीनं यायची. पहिल्याच वर्षी आमच्या खेळाच्या सरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. मुलींच्या बास्केटबॉल संघात एक मुलगी कमी पडत होती आणि वर्गात सगळ्यांत उंच मी होते. एवढीच माझी लायकी. बास्केटबॉल मी तोवर टीव्हीवरसुद्धा धड बघितला नव्हता.

पहिल्या दिवशी सलवार-कमीज आणि चपलांवर कोर्टावर उभी राहिले. बाजूच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि धोतराखाली निळे कॅनव्हासचे बूट. आमची कप्तान मुस्कान माझ्या कानात म्हणाली, "ते आप्पा हैत. घाबरू नको, बोलतेत लई पन चावत न्हाईत."

आप्पांनी मला जवळ बोलावलं. नाव, गाव काही विचारलं नाही. पोटाकडं बघितलं, मग पायांकडं.

"ओढणी कंबरंला बांध. घट्ट. चपला काढ. आता माझ्यासमोर हुबी ऱ्हा आणि मला पुढं जाऊ दिऊ नगं."

मी उभी राहिले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस उठला, गुडघ्यांत जरासा वाकला आणि मला काही कळायच्या आत माझ्या उजव्या बाजूनं निघून गेला. तीनदा गेला. चौथ्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं बघणं सोडून दिलं आणि कशीबशी मध्ये आले. आमची टक्कर झाली. मला वाटलं, आता ओरडतील.

"ओल हाय अजून," ते मुस्कानला म्हणाले, "पर दाणा भरीव हाय."

घरी जाऊन मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी चांगलं म्हनले का वाईट?" मला तरी कुठं कळलं होतं! नंतर समजलं की अडतीवर धान्य बघताना ते मूठभर दाणे तळहातावर चोळून हेच बोलतात. ओल असलेला माल ते परत पाठवत नसत, वाळवून आणायला सांगत.

रोज दुपार कलली की आप्पा लुनावरून आम्हाला शिकवायला यायचे. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत भुईमुगाचे दाणे भरलेले असायचे. अडतीवर नमुन्यासाठी पोत्यातून काढलेले हे दाणे, निरनिराळ्या गावांचे, निरनिराळ्या रानांचे, खिशात एकत्र झालेले. खेळ संपला की आम्ही ओंजळ पुढं करायचो. एक दाणा गोड लागायचा, पुढचा कडवट, मध्येच एखादा खवट. मुस्कान म्हणायची, "आप्पा, तुमच्या खिशात सगळा तालुका है."

"खवट निघला तर थुक," आप्पा म्हणायचे, "गिळू नगं. तालुका असला म्हनून काय झालं!"

यार्डातले हमाल त्यांची थट्टा करायचे. आप्पांना आणखी एक खोड होती. नागपूर-वर्ध्याकडचा मालट्रक यार्डात आला की ते गादीवरून उठून ड्रायव्हरकडं जायचे आणि विचारायचे, "भोयर ठाव हाय का? सुधाकर भोयर. बास्केटबॉल खेळायचा." ड्रायव्हर बिचारा बघत राहायचा. कुणी सांगायचा, आमच्या गावात भोयरांची निम्मी आळी आहे, त्यातला कुठला? आप्पा हातानं उंची दाखवायचे. "एवढा. माझ्यापेक्षा बोटभर जास्त." हमाल लांबून ओरडायचे, "आप्पा, इदर्भाची गाडी लागली बगा! इचारून घ्या!" तेही हसायचे, पण जाऊन विचारायचे. यार्डात हे इतकं जुनं झालं होतं की त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

आम्हीही एकदा विचारलं, "आप्पा, कोण आहे हा भोयर?"

"आमची म्याच बाकी हाय," ते म्हणाले.

त्या मॅचची गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकली. आप्पा ती मजेत सांगायचे.

ते तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला होते. घरात तीन पिढ्यांचा धान्याचा व्यापार, शिकायला बाहेर पडलेले तेच पहिले. हॉस्टेलच्या मागं बास्केटबॉलचं मैदान होतं आणि लहानपणापासून पोत्यांच्या थप्पीवर वरच्या माणसाकडं वस्तू फेकायची सवय असल्यानं यांचा बॉल नेमका रिंगमध्ये जायचा. दोन वर्षांत ते विद्यापीठाच्या संघात गेले. एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी त्यांचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी पुण्याला गेला. शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. समोर नागपूरचा संघ.

आणि सामना सुरू व्हायच्या आधी पंचानं आप्पांना थांबवलं. गळ्यातलं काढ म्हणाला.

आप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. लिंगायतांच्या घरात लहानपणीच ते बांधतात आणि मग ते जन्मभर अंगावर राहतं. पूजेला तळहातावर घेतात, पण अंगावेगळं ठेवत नाहीत. मला हे काही माहीत नव्हतं, आप्पांनीच सांगितलं. त्यांचं लिंग चांदीच्या छोट्या डबीत होतं. एरवी ते डबी बनियनच्या आत खोचून खेळायचे आणि कुणी हटकत नसे. पण या पंचाला ती दिसली. टणक वस्तू अंगावर चालणार नाही, कुणाला लागेल, असा नियम त्यानं सांगितला. त्याचंही बरोबर होतं.

"मग?" आम्ही विचारायचो, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

"मग काय! म्या म्हनलं, काढत न्हाय. आईनं घरून निगताना एकच सांगितलं हुतं, काय बी कर, शिक, पळ, नापास हो, पर हे अंगावेगळं करू नगंस. संघाचा कप्तान डोक्याला हात लावून बसला. मग आमच्या सरांनी आयडिया काढली. डबीतनं लिंग काढलं, कापसात गुंडाळलं, डाव्या दंडाला लावलं आणि वरनं ही जाडजूड पट्टी. दुखापतीला बांधत्यात तसली. पंचानं दाबून बगितलं. मऊ लागलं. म्हनला, खेळ. झालं! देव दंडावर, मी म्याचमदी."

पुढं ते सांगायचे की पट्टी बघून नागपूरवाले त्यांना 'पट्टीवाला' म्हणायला लागले. मग खेळाचं वर्णन. मग दुसऱ्या हाफमध्ये एकाएकी मैदानावरचे सगळे दिवे गेले. आधी वाटलं, फ्यूज उडाला. मग लाउडस्पीकरवर सांगितलं की लढाई सुरू झाली आहे, ब्लॅकआउट आहे, ज्यानं त्यानं आहे तिथं खाली बसावं. सकाळी स्पर्धा रद्द झाली. सगळे आपापल्या गावी. लढाईच्या दिवसांत पोरगं घरी बरं, म्हणून वडिलांनी त्यांना अडतीवर बसवलं. लढाई लवकर संपली, पण आप्पा गादीवरून उठले नाहीत. वडिलांचं दुखणं निघालं, कॉलेज राहिलं ते राहिलंच.

"म्याच बाकी हाय," एवढं म्हणून आप्पा धोतर झटकत उठायचे. आम्हाला वाटायचं, हा माणूस अपुरा राहिलेला सामना पुरा करायला भोयरला शोधतोय. मला ते फार छान वाटायचं. कधी कधी बसमध्ये डोळे मिटून मी ती दोन म्हातारी माणसं कोर्टावर बघायचे.

खरं कारण कळलं ते आमच्या दुसऱ्या वर्षी.

धाराशिवला सामना होता. आम्ही मागं होतो. मुस्कान पडली, उठली आणि लंगडायला लागली. तिला अडवणारी मुलगी ढिली झाली, जरा दूर राहायला लागली. आणि मुस्कान सुसाट! लंगडत बॉल घ्यायची आणि नंतर हरणासारखी सुटायची. आम्ही जिंकलो. पायाला काही झालेलं नव्हतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. परतीच्या जीपमध्ये आम्ही नाचत होतो. मुस्कान पुन्हा पुन्हा लंगडून दाखवत होती आणि सगळ्या खिदळत होत्या.

आप्पा पुढच्या सीटवर होते. ते वळलेच नाहीत. मुस्कानच म्हणाली, "आप्पा, दाणे द्या ना. आज तर जितलो!"

आप्पांनी खिशात हात घातला नाही. येडशीच्या पुढं चहाला गाडी थांबली. बाकीच्या मुली टपरीकडं गेल्या. मुस्कान आणि मी मागं राहिलो, कारण त्यांचं काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं.

"माझं चुकलं का आप्पा?" मुस्कान म्हणाली. "सगळेच करतेत की."

"म्या बी केलं," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी त्या गोष्टीतला गाळलेला भाग सांगितला.

सामना सुरू झाल्यावर पहिल्याच टकरीत आप्पांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. लिंगाला धक्का लागू नये म्हणून. त्यांना अडवायला भोयर होता. त्याला वाटलं, दुखऱ्या हातावर आपला मार बसला. तो थांबला. "लागलं काय रे? सांगाचं ना बाप्पा. मी नाही येत त्या अंगानं," असं म्हणाला. आणि खरंच त्या अंगानं आला नाही. आप्पांची डावी बाजू त्यानं मोकळी सोडली, इतकी की त्याचेच सोबती त्याच्यावर ओरडायला लागले.

"मला दिसत हुतं ना," आप्पा म्हणाले. "त्याचं पोट बगितलं की कळायचं, ह्यो डावीकडं येणार न्हाय. मग म्या काय केलं? दर बारीला डावीकडनंच गेलो. एक, दोन, लई बॉल टाकले. आमी म्होरं निगलो. हाफटाइमला कप्तानला म्हनलं, त्याला सांगतो, हाताला काय झालेलं न्हाय म्हनून. कप्तान म्हनला, खुळा का काय! म्याच झाल्यावर सांग. म्या बी म्हनलं, बरं, म्याच झाल्यावर."

टपरीवर मुली कशावरून तरी हसत होत्या.

"दिवं गेलं तवा तो माझ्याशेजारीच हुता. अंधारात त्याचा आवाज आला. 'पट्टीवाल्या, हात पोटाशी घे, कोणाचा पाय पडल.' तवा सांगायचं! काय हुतं त्यात? दोन शब्द. पर जीभच उचलली न्हाय. मग आमाला रांगंनं न्हेलं. आन त्यो त्याच्या गावाला गेला."

मुस्कान खाली बघत होती. आप्पा तिला म्हणाले, "त्या पोरीला फोन कर. नंबर मिळंल, आजकाल सगळं मिळतंय. पाय बरा हुता म्हनून सांग. शिव्या दिल, खा. पर आजच सांग. ऱ्हायलं की ऱ्हातंय."

मुस्काननं जीपमध्येच फोन लावला. समोरची मुलगी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण मुस्कानचे कान लाल झाले. फोन ठेवल्यावर आप्पांनी मागं न बघता दाण्यांची मूठ पुढं केली.

त्यानंतर भोयरला शोधणं माझंही काम झालं. मी फोनवर शोधायची, नाव टाकून बघायची. ढिगानं भोयर निघायचे, पण त्यातला एकही आप्पांच्या वयाचा नसायचा. शेवटी तो असा सापडला की आप्पांची पद्धतच बरोबर होती म्हणायची. तिसऱ्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेलो होतो. तिथं एक पंच विदर्भाकडचे होते. मी लाजत लाजत गेले आणि मालट्रकच्या ड्रायव्हरला विचारावं तसं विचारलं, "सर, सुधाकर भोयर माहीत आहेत का? जुने खेळाडू."

"भोयर सर?" ते म्हणाले. "आर्वीकडचे? अहो, त्यांनीच तर मले खेळाले लावलं. पीटीचे मास्तर होते ते आमचे."

नंबर घेऊन मी परत आले. आप्पांना दिला. ते नंबराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आज नगं." दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "आज नगं." मुस्कान चिडली. "आप्पा, मला तर जीपमधीच लावायला लावला होता फोन!"

"व्हय ग बाई," आप्पा म्हणाले. "लाव."

कट्ट्यावर ते मध्ये बसले, आम्ही दोघी दोन बाजूंना. मी माझ्या फोनवरून लावला आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. खूप वेळ वाजला.

"हॅलो, कोन बोलून राह्यलं?" पलीकडचा आवाज जाड होता, थोडा दमलेला.

आप्पांनी नाव सांगितलं. पलीकडं काही कळलं नाही. औरंगाबाद सांगितलं, पुणे सांगितलं. शेवटी आप्पा म्हणाले, "अहो, पट्टीवाला. डाव्या हाताला पट्टी हुती बगा."

मग तो माणूस इतक्या जोरात ओरडला की कोर्टावरच्या मुली वळून बघायला लागल्या.

"पट्टीवाला! अरे बाप्पा, जिता हाएस का बे तू? हात कसा हाय तुया?"

आप्पांनी तोंड उघडलं. पण भोयर थांबले नाहीत. बायकोला हाका मारल्या, तिला सांगितलं, पट्टीवाल्याचा फोन आहे. तिला पट्टीवाला माहीत होता! मग आप्पांना म्हणाले, "काय सांगू तुले. मी नोकरीभर पोरायले हेच शिकोलं. समोरच्याचा हात दुखत असल त त्या अंगानं जाचं नाही, मंग हरलो तरी चालते. दरसाली नव्या पोरायले तुई गोष्ट सांगो. आपन हरून राह्यलो होतो, सोबती शिव्या देऊन राह्यले होते, पन मी काही त्या अंगानं आलो नाही. आलतो काय, सांग?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "न्हाय आलात."

"पाह्य, आयक!" हे ते बायकोला म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मोठं असं काही झालं नाही गा माया हातून. पोरगं लवकर गेलं. शाळेतून निघालो त कोनी इचारत नाही. पन येवढं एक केलं म्हनतो मी. येवढं एक बरं केलं. हाताचं काय झालं मंग? डाक्टरले दाखोलतं ना?"

मी आप्पांकडं बघितलं. त्यांचा उजवा हात सदऱ्यावरून छातीशी गेला होता, जिथं ते लिंग होतं. मुस्काननं माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता सांगतील. इतकी वर्षं ज्यासाठी प्रत्येक गाडीपाशी गेले, ते आता सांगतील.

"दाखवलं," आप्पा म्हणाले. "घरी गेल्या गेल्या दाखवलं. हाडाला जरा मार हुता. आता बरा हाय. तुमी राखला म्हनून वाचला बगा."

पलीकडं भोयर हसले. लहान मुलासारखे हसले. मग गुडघ्यांबद्दल बोलणं झालं, साखरेबद्दल झालं, सोयाबीनच्या भावाबद्दल झालं. "आपली मॅच बाकी हाय बे," भोयर म्हणाले. "बाकी हाय," आप्पा म्हणाले. फोन बंद झाला.

शेवटी मुस्कानलाच राहवलं नाही. "आप्पा, तुमीच तर म्हणले होते, आजच सांग."

"म्हनलो हुतो."

"मग?"

"तुझी ती पोरगी त्याच दिवसाच्या म्याचची हुती ग. तिला शिव्या देऊन मोकळं व्हता आलं." ते हळूहळू बोलत होते, शब्द शोधत. "म्या सांगितलं असतं तर म्या मोकळा झालो असतो. त्यानं काय करायचं हुतं? तेवढंच तर हाय त्याच्याजवळ."

"पण खोटं…" मी म्हणाले.

"व्हय. गळ्यात हे असताना बोललो." त्यांनी पुन्हा छातीला हात लावला. "ते माझं मी बगतो. तुमी खेळा जावा."

आम्ही खेळायला गेलो, पण खेळ झाला नाही. त्या दिवसापासून आप्पा मालट्रकांपाशी जायचे बंद झाले. एखादी विदर्भाची गाडी लागली की हमाल सवयीनं हाक मारायचे आणि मग गप्प व्हायचे. आप्पा गादीवरून मान वर करून गाडीकडं बघायचे, बराच वेळ बघायचे, एवढंच. मला ते बघवायचं नाही. शोधायचं होतं तोवर त्यांच्याजवळ काहीतरी होतं, असं मला वाटायचं. मी नंबर आणला ते बरं केलं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

भोयर मात्र दर आठवड्याला फोन करायला लागले. आणि दर वेळी आधी हाताची चौकशी. थंडी पडली तसे म्हणाले, जुनं दुखणं थंडीत उठतं, जप. आप्पा सुरुवातीला "बरा हाय, बरा हाय" म्हणायचे. पण भोयरांना ते पुरायचं नाही. मग एकदा आप्पांनी सांगून टाकलं, "व्हय, सकाळचं जरा ठणकतंय." भोयर इतके खूश झाले की त्यांनी कुरिअरनं तेलाची बाटली पाठवली. त्यांच्याकडचा कुणी वैद्य करतो म्हणे. काळपट, उग्र वासाचं. रोज चोळ, असं बजावलं होतं. आप्पा ती बाटली घेऊन ग्राउंडवर आले आणि आम्हाला वास देत म्हणाले, "आता ह्येचं काय करू, सांगा." आम्ही हसलो. तेही हसले.

माझं शेवटचं वर्ष संपलं. मुस्कान लग्न होऊन बीडला गेली. मला लातूरला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला प्रवेश मिळाला. थंडीच्या दिवसांत एकदा राहिलेला दाखला घ्यायला कळंबला आले होते. ग्राउंडवर आप्पा नव्हते. आताशा येत नाहीत, असं नव्या मुलींनी सांगितलं. अडतीवर जाऊन भेटावं असं वाटलं, पण एसटी लागली होती आणि पुढची संध्याकाळची होती. पुढच्या वेळी भेटू, असं स्वतःला सांगून मी बसमध्ये बसले. त्यानंतर भेट झाली नाही.

पण त्याच दिवशी बसमधून मला ते दिसले. यार्डाच्या फाटकापाशी सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची बस तिथं अडकली. खिडकीतून समोरच त्यांची अडत. आप्पा पायरीवर उन्हात एकटेच बसले होते. खूप वाळले होते. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर सरकवलेली. शेजारी ती बाटली. त्यांनी तळहातावर तेल घेतलं आणि दंडाला चोळायला लागले. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. संगमेशभाऊ आत कुणाशी तरी बोलत होते, हमाल पोती उतरवत होते. आप्पा खांद्यापासून कोपरापर्यंत सावकाश चोळत होते, खरोखर दुखणाऱ्या जागेवर हात फिरवावा तसे, मध्येच थांबून, अंगठ्यानं दाबून. मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकली होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला असावा. त्यांनी घाईनं हात धोतराला पुसला, फोन कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. मग डावा हात वर उचलला, कोपरात वाकवला, सरळ केला, मूठ उघडून मिटून बघितली, आणि काय वाटतंय ते नीट सांगू लागले.

पुढची गाडी हलली आणि आमची बस निघाली.